खूण ठेवायची नाही

खजिन्याच्या कादंबरीत सातशे वर्षांपूर्वीचं कडुलिंबाचं झाड जागेवर असतं. भुयारं, नाग, ताम्रपट, शाप, या सगळ्या थापा मी लहानपणापासून आनंदानं पचवल्या. पण सगळ्यात मोठी थाप त्या झाडाची आहे, आणि हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. यादवांच्या काळात कुणीतरी एक झाड, एक देवळाचा कळस आणि एक डोंगरातली खिंड बघून सोनं पुरतो. मग आजच्या काळात पुण्याहून एक हुशार तरुण येतो, सोबत इतिहास शिकलेली देखणी मुलगी असते, आणि दोघांना ते झाड, तो कळस, ती खिंड जशीच्या तशी सापडतात. त्यांनी एकदा आमच्या केजला येऊन बघावं. इथं दहा वर्षांपूर्वी एसटी स्टँडसमोर रसवंती नेमकी कुठं होती, ते दोन माणसं एकमतानं सांगू शकत नाहीत.

ह्या कादंबऱ्यांचा नाद आमच्या घरात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणला. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. लुगडी, धोतरं, शाळेचे गणवेश. बाजाराचा दिवस सोडला तर दुपारी दुकानात माशी नसे. आप्पा गादीवर मांडी घालून बसत, मांडीवर कापड मोजायचा लोखंडी गज आडवा आणि गजावर उघडं पुस्तक. वाचनालयाची पुस्तकं ती. वरचं चित्र केव्हाच फाटलेलं, त्यावर खाकी कागदाचं कव्हर आणि पाठीवर शाईचा नंबर. आप्पांना लेखकाचं नाव विचारलं तर सांगता यायचं नाही, पण खजिना तळघराच्या कितव्या मजल्यावर होता ते बरोबर सांगत. एखादं गिऱ्हाईक 'धोतर दावा' म्हणालं की हात वर करून म्हणत, "जरा थांबा, दार उघडायलंय." गिऱ्हाईक मागं वळून दुकानाच्या दाराकडं बघत राही.

वाचता वाचता उठावं लागलं की ते पानात कापडाची चिंधी घालत. थानाच्या कडेची रंगीत पट्टी. आमच्या वाचनालयातल्या कुठल्याही जुन्या खजिन्याच्या कादंबरीत आजही एखादी हिरवी, गुलाबी चिंधी निघते. ती आमच्या दुकानातली.

बाजारात लोक मागं हसत. वाण्याच्या माणसानं दुसऱ्याच्या सोन्याच्या गोष्टी वाचाव्यात, हे त्यांना वेडेपणाचं वाटे. पण आमच्या भागात गुप्तधनाचं वेड कुणाला नाही? निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या धामधुमीत लोकांनी चांदीचे रुपये मडक्यात घालून परसात पुरले आणि जीव घेऊन पळाले, ह्या गोष्टी घरोघरी आहेत. प्रत्येक गढीतून कुठल्या तरी गढीपर्यंत भुयार आहेच. फरक एवढाच होता, की बाकीचे रात्री कुदळ घेऊन जात आणि आप्पा दिवसाढवळ्या पुस्तक उघडत.

संध्याकाळी दुकान बंद झालं की ते स्वयंपाकघरात पाटावर बसत आणि दिवसभर वाचलेलं आईला मोठ्यानं वाचून दाखवत. आई भाकऱ्या थापत ऐकायची. तिनं स्वतः कधी पुस्तक हातात धरलं नाही. तिला ऐकायला आवडायचं, आणि त्याहून जास्त चुका काढायला. आप्पा अगदी आवाज खाली आणून भुयारात शिरले, की ही विचारायची, "दिवा कुठून आला? मगाशी तर इझला व्हता." आप्पा मागची पानं उलटून बघत. दिवा खरंच विझलेला असे. मी पीठ लागलेल्या परातीशेजारी बसून दोघांचं भांडण ऐकत जेवत असे. तेवढं सुख मला पुढं कुठल्याही जेवणात मिळालं नाही.

तिचा सगळ्यात जास्त राग खुणांवर होता. दगडावर चंद्र-सूर्य कोरलेले, नंदीचं तोंड मुद्दाम उलट्या दिशेला केलेलं, असं काही आलं की ती थापायची थांबे.

"मेल्यानं हातानं खुणा करून ठिवल्या. आन मग म्हणं चोर आले. येतीलच की! पुरायचं तर खूण कावून ठिवायची?"

"खूण न्हाई ठिवली तर आपल्याला तरी कसं घावायचं?" आप्पा म्हणत.

"ज्याचं हाय त्येच्या ध्यानात ऱ्हातंय," ती म्हणे, आणि भाकरी तव्यावर टाकी.

हे वाक्य मी तेव्हा कितीदा ऐकलं असेल. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

मी सातवीत असताना आई काविळीनं गेली. आधी गावठी औषध झालं, मग अंबाजोगाईचा मोठा दवाखाना झाला, आणि मग ती घरी परत आली ती चादरीत.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात, मांडी घातलेली, जशी रोजच्या पूजेला घालावी तशी. गळ्यात आयुष्यभर बांधलेलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर देतात. मग भस्म, बेलाची पानं, आणि वरून माती. आईला आमच्या गावाबाहेरच्या वावरात ठेवलं. हातात हिरवा चुडा होता. मी काठावर उभी होते आणि मला एवढंच वाटत होतं, की ती आत्ता म्हणेल, अगं दिवा तर विझला होता ना.

समाधीवर नंतर दगड बसवतात. पिंड, नंदी, ज्याला जसं जमेल तसं. आमच्याकडंही सगळे त्याचीच वाट बघत होते. पण त्याच सुमाराला गावाच्या दुसऱ्या अंगाला एक जुनी समाधी गुप्तधनवाल्यांनी रातोरात उकरली होती. लिंगायताच्या समाधीत चांदी असते, अशी आवई कुणीतरी उठवलेली. सकाळी तिथं लिंबं, कुंकू, काळी बाहुली पडलेली, नंदी पालथा, आणि आत बसलेल्या माणसाची हाडं बांधावर फेकलेली. आप्पा ते बघून आले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की दगड बसवायचा नाही.

मामा भडकला. "बायकूला एक दगुडसुदीक न्हाई? एवढा जड झाला व्हय पैसा?" आप्पांनी त्याला उत्तर दिलं नाही. भावकीनं चिक्कू ठरवलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

मला मात्र ते एकटीला वावरात घेऊन गेले. विहिरीवरच्या कडुलिंबाला माझी पाठ टेकवून उभं केलं. समोर महादेवाच्या देवळाचा कळस दाखवला. "हितून तितवर एक सरळ रेघ." मग बांधावरच्या बाभळीपाशी नेलं आणि डोंगरातल्या खिंडीकडं बोट केलं. "आन ही दुसरी. दोन्ही रेघा जितं एकमेकीला कापत्यात, तितं तुझी आई बसलीय." त्या जागेवर गवताचं एक पातंही वेगळं नव्हतं. "कुणाला सांगायचं न्हाई, माय," आप्पा म्हणाले. मुलीला माय म्हणायची आमच्याकडची रीत, पण त्या दिवशी तो शब्द त्यांच्या तोंडून नीट निघाला नाही.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा भारी वाटलं. ऐकलेल्या सगळ्या कादंबऱ्या माझ्या पायाखाली आल्या होत्या. आता आमच्याकडंही एक गुप्त जागा होती, आणि तिचा नकाशा फक्त दोघांच्या डोक्यात होता.

आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. दर अमावास्येला ते बेलाची पानं धोतराच्या सोग्यात बांधून वावरात जात, लिंबाला पाठ लावत, रेघ धरून चालत जात आणि पानं टाकून येत. लोकांना वाटे पीक बघायला गेले. आणि वाचन वाढलं. आता मोठ्यानं नाही, मनातल्या मनात, ओठ हलवत. शेवटचं प्रकरण आलं की ते फार हळू वाचत. एक पान वाचलं की गज उचलून उगीच कापडं सारखी करायची, परत बसायचं, परत एक पान. शिळा सरकते, आतून गार वारा येतो, मशालीच्या उजेडात पेटी दिसते. मला वाटायचं, म्हातारपण जवळ आलं आणि ह्यांचं बालपण काही सरलं नाही. जमिनीत ठेवलेलं परत वर येतं असं सांगणारी दुसरी पुस्तकं जगात नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुराणं, पोथ्यासुद्धा तसं सांगत नाहीत. त्या वर कुठं तरी भेट होईल म्हणतात.

मी लग्न होऊन परळीला गेले. तिथं गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांवर वीज केंद्राच्या राखेचा थर बसायचा आणि मी रोज त्या झटकायची. संसार असाच झटकत झटकत झाला. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी लांब गेला, आणि मी दुकान चालवायला परत केजला आले. तोवर आप्पांचे डोळे साखरेनं खाल्ले होते. गुडघेही गेले होते. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेलं, आणि अमावास्येचं जाणं काही वर्षांपूर्वी बंद पडलेलं. बेल आता ते घरातल्याच पिंडीवर वाहत आणि वावराच्या दिशेला हात जोडत.

मग वाचायचं काम माझ्याकडं आलं. आधी मी मोबाईलवर पुस्तकं वाचून दाखवणारं ते एक असतं ते लावून दिलं. चांगल्या आवाजाची बाई होती. आप्पांनी दोन प्रकरणं ऐकली आणि म्हणाले, "बंद कर. ही मधी थांबतच न्हाई. माणसानं चुका कवा काढायच्या?"

तेव्हा मीच वाचू लागले, संध्याकाळी, त्याच स्वयंपाकघरात. हल्लीच्या कादंबऱ्या जाडजूड असतात. नायक दोन प्रकरणांत मोडी शिकतो. खलनायक परदेशातून येतो आणि शुद्ध मराठी बोलतो. मी वाचता वाचता टोमणे मारायची आणि आप्पा हसायचे. एकदा हसता हसता म्हणाले, "तुझ्या आईनं ह्याला फाडून खाल्लं असतं." पुष्कळ दिवसांनी त्यांनी तिचं नाव काढलं होतं.

त्याच वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. आमच्या वावराची रस्त्याकडची पट्टी त्यात जाणार होती. मोजणीची माणसं येऊन फक्की मारून गेली आणि बटईदारानं निरोप आणला, की फक्कीची पांढरी रेघ विहिरीच्या अंगाला बरीच आत आलीय. आप्पा ऐकत होते. मी सोयाबीनचं काय करायचं ते विचारत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या आईला हलवाया पायजे."

मठातल्या स्वामींना बोलावलं. स्वामी शांत माणूस. म्हणाले, "आता माती झाली असंल. पर लिंग घावंल. लिंग आन वंजळभर माती घिऊन आतल्या अंगाला परत बसवू. त्येला काय हरकत न्हाई." आप्पांनी त्यांना खाली वाकून विचारलं, "शेजारी जागा सोडता यील का?" स्वामींना कळलं. म्हणाले, येईल. आप्पांना त्याहून जास्त काही नको होतं. मरायची भीती त्यांना नव्हती, पण एकट्यानं बसायची होती.

आम्ही सकाळी गेलो. प्लॅस्टिकची खुर्ची बांधावर ठेवून आप्पांना बसवलं, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, डोक्याला टॉवेल. स्वामी होते, बटईदार होता, खणायला दोन गडी होते. आप्पांचा चेहरा फुलला होता. आयुष्यभर वाचलेलं शेवटचं प्रकरण त्यांच्या वाट्याला आलं होतं, असंच मलाही वाटलं.

"जा माय. लिंबाला पाठ लाव."

मी इकडंतिकडं बघितलं. "आप्पा, लिंब नाही."

"न्हाई म्हंजी?"

बटईदार डोकं खाजवत म्हणाला, "वाळला व्हता मालक. दुष्काळात. पडायच्या आदी तोडला."

"मग हिरीपाशी हुबी ऱ्हा."

विहीरही नव्हती. कोरडी पडली म्हणून बुजवलेली. कुठं होती ते बटईदार दाखवू लागला, पण त्याचा हात एकदा इकडं गेला, एकदा तिकडं. देवळाचा कळस मंगल कार्यालयाच्या मागं गेला होता. तिथं आता मोठी कमान आणि प्लॅस्टिकच्या केळी होत्या. बाभूळ तर कधी गेली कुणालाच सांगता आलं नाही. आणि खिंड? खडीसाठी तो डोंगर अर्धा खाल्ला होता. ज्या रस्त्याखाली आई जाणार होती, त्याच रस्त्याची खडी तिथून निघत होती. लिंब गेल्याचं मला आधी माहीत होतं. रस्त्यावरून जाताना उजाड दिसायचं. पण झाडाबरोबर काय गेलं ते मला त्या सकाळी कळलं.

आप्पांनी खुर्चीतूनच पाय पुढं केले. मग म्हणाले, चप्पल काढ माझी. माझा हात धरून ते अनवाणी वावरात उतरले. पायानं माती चाचपत चालले, थांबले, परत चालले. "हितं." गड्यांनी कुदळ घातली. काळी माती, खाली पुन्हा काळी माती. "न्हाई. जरा खालच्या अंगाला." तिथंही तेच. सूर्य वर आला तसा त्यांचा आवाज चिरका होत गेला. ते गड्यांवर ओरडले, बटईदारावर ओरडले, मग माझ्यावर. "तुला दावलं व्हतं की न्हाई मी? तू तर डोळस हायेस!" मी डोळस होते, पण बघायला तिथं काही नव्हतं.

रस्त्यावरून जाणाऱ्या जीपा थांबू लागल्या. माणसं खणतायत, स्वामी बेलाची पानं घेऊन उभे आहेत आणि दमून परत खुर्चीवर बसलाय कोण, तर जन्मभर खजिन्याची पुस्तकं वाचणारा कापडवाला. लोकांना आणखी काय हवं होतं? दुपारपर्यंत बांधावर जत्रा भरली. शेजारच्या वावराचे मालक आले. ते पुढारी आहेत, पांढरी गाडी, मागं चार माणसं.

"आप्पा, आमाला न सांगता काढायलाव व्हय?"

"समाधी हाय," मी म्हणाले. "आईची."

ते हसले. "ताई, दगुड न्हाई, नंदी न्हाई, खूण न्हाई, आन म्हणं समाधी. गुप्तधन काढणं गुन्हा हाय, म्हाईत हाय का? पोलिसाला फोन लावावा लागंल."

स्वामींनी सांगितलं, समजावलं. आप्पा खुर्चीतून उठले. ते पुढाऱ्याकडं नाही, भलतीकडंच तोंड करून बोलत होते, कारण त्यांना दिसतच नव्हतं कोण कुठं आहे. "माझी बायकू हाय हितं," ते म्हणाले.

मागून कुणीतरी बोललं, "सोताची बायकू कावून हुडकाया लागायली बे?" आणि लोक हसले. त्या हसणाऱ्यांत आमच्या दुकानातून पोरांचे गणवेश नेणारी माणसं होती. त्यांचे चेहरे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

काम थांबवावं लागलं. घरी आल्यावर आप्पा पाटावर बसले. ताट वाढलं तसंच राहिलं. मग हळूच म्हणाले, "ज्याचं हाय त्येच्या ध्यानात ऱ्हातंय म्हनायची. माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई गं." ते लहान मुलासारखे रडले. मी त्यांना काय सांगणार होते? ध्यानात तर त्यांच्या सगळं होतं. झाड, कळस, बाभूळ, खिंड, काही म्हणजे काही विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटईदाराचा फोन आला. "ताई, लवकर या." पट्टी सगळी उकरलेली होती. रात्रीतून लोकांनी जिथं तिथं खड्डे घेतले होते. कुठं हळद-कुंकू, कुठं कापलेलं लिंबू. मी प्रत्येक खड्ड्यात गुडघ्यावर बसले आणि बाहेर फेकलेली माती हातानं चाळली. भस्माचा पांढरा खडा, हिरव्या काचेचा तुकडा, काहीही. मिळावं म्हणून हात चालत होते आणि मिळेल या भीतीनं मधेच थांबत होते. मुळ्या मिळाल्या, ठिबकच्या नळीचा तुकडा मिळाला, गारगोट्या मिळाल्या. आई मिळाली नाही.

आप्पांना मी खरं ते सांगितलं.

"चोरालाबी घावली न्हाई?"

"नाही."

"मंग बरं झालं." मग म्हणाले, "तिचंच खरं झालं बघ."

मला आईचा राग आला. भाकरी थापता थापता बोलायची ती एक गोष्ट, आणि ह्या माणसानं तिचा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. एक दगड बसवला असता, फार तर चोरांनी पाडला असता. पडलेला दगडसुद्धा तिथंच कुठं तरी पडून राहतो. मेलेल्या माणसाचा राग आला तर तो कुणावर काढायचा? मी दुकानात जाऊन दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले.

रस्त्याचं काम आमच्यासाठी थांबणार नव्हतं. मशीन आलं, मुरूम पडला, रोलर फिरला, वर काँक्रीट झालं. आप्पा विचारायचे, "कुटवर आलं?" मी सांगायची. एक दिवस म्हणाले, आता सांगत जाऊ नको.

संध्याकाळचं वाचन मात्र चालू राहिलं. फक्त एक बदल झाला. नायक शेवटच्या दारापाशी आला, शिळेवर हात ठेवला, की आप्पा म्हणायचे, "बास. ठिव आता."

"आप्पा, चार पानं राहिलीत."

"ऱ्हाऊ दे. त्येला घावतंयच."

त्यात कौतुक नव्हतं आणि कुतूहलही नव्हतं. मी दुकानातली चिंधी घालून पुस्तक मिटायची आणि वाचनालयात तसंच परत द्यायची. आमच्या गावात आता कितीतरी पुस्तकांत शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी चिंध्या आहेत. पुढची पानं आमच्या घरात कुणी वाचलेली नाहीत.

थंडीत आप्पा गेले. वावराच्या आतल्या अंगाला, रस्त्यापासून लांब, त्यांना बसवलं. स्वामींनी विचारलं, तोंड कुठं करायचं? मी म्हणाले, रस्त्याकडं. त्यांनी रीतीचं काही काढलं नाही, माझ्याकडं बघितलं आणि तसं केलं. शेजारी जागा सोडलेली नाही. कुणासाठी सोडायची? वर मी दगड बसवला. मोठा, काळा, पिंड आणि नंदीसकट. बाजारात लोक म्हणाले, बापाला एवढा दगड आणि आईला काहीच नाही. मी उत्तर दिलं नाही. ती सवय मला घरातूनच मिळाली आहे.

दुकानाचा माल आणायला मी एसटीनं बीडला जाते. गाव सुटलं की मंगल कार्यालय येतं, आणि तिथून पुढं ओढ्यावरच्या पुलापर्यंत आमच्या वावराची कड. रस्ता गुळगुळीत झालाय, गाडी सुसाट जाते. त्याखाली कुठं तरी आई बसली आहे, मांडी घालून, तळहातावर लिंग घेऊन. नेमकं कुठं, ते एके काळी माहीत असलेला शेवटचा माणूस मीच माझ्या हातानं मातीत बसवला. नेमकी जागा माहीत असती तर तिथं आल्यावर मी तेवढे हात जोडले असते. ती माहीत नाही म्हणून कमान दिसली की मी चप्पल काढते आणि दोन्ही पाय वर सीटवर घेऊन बसते. आईवर पाय पडू नये, एवढंच.

परवा कंडक्टर नवा होता. तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "मावशी, पाय खाली घ्या की. शिटावर लोक बसत्यात."

"घेते बाबा," मी म्हणाले. "जरा पुढं जाऊ दे."

"पुढं म्हंजी कुटवर?"

ते मला त्याला सांगता आलं नाही.